गोंदलेल्या बांगड्या

नगरच्या स्टेशनाबाहेर पडून गावाकडं चालू लागलं, की डाव्या हाताला आबासाहेबांची लाकडाची वखार लागे. पुढं ओंडक्यांचे ढीग, मागं पत्र्याची लांबट शेड, शेडच्या एका टोकाला धडधडणारं तेलाचं इंजिन आणि दुसऱ्या टोकाला चक्री. चक्री म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारी गोल करवत. परातीएवढं पातं, लोखंडी मेजाच्या फटीतून अर्धं वर आलेलं. लाकूड तिच्या तोंडी लागलं, की असा आवाज निघे की रस्त्यावरच्या टांग्याची घोडी बिचकत.

चक्रीच्या पुढं बन्सी उभा राही आणि मागं त्याची बायको चांगुणा. बन्सीनं फळी रेटायची आणि पलीकडून चिरून आलेली चांगुणानं ओढून घ्यायची, असं दोघांचं काम. दोघं मूळची कर्जतकडची, शेतकऱ्याच्या घरातली. चार भावांत बन्सीचं मन औतात कधी रमलं नाही. सुतारमेटावर बसून रंध्याचा आवाज ऐकण्यात त्याचा जीव. एकदा नगरला बाजाराला म्हणून आला, वखारीत चक्री चालताना पाहिली आणि पुढच्या महिन्यात बायकोला घेऊन इथंच राहायला आला.

बन्सीचा हात फार जलद होता. वखारीत त्याचं कौतुक व्हायचं. पण चक्रीच्या मागं उभं राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट दिसते, जी पुढच्याला दिसत नाही. त्याला फळी रेटणारे दोन हात पात्याकडं सरकत येताना दिसतात. चांगुणानं दोन वर्षं रोज ते हात पाहिले. फळी संपत आली, की बन्सीची बोटं पात्यापासून चार अंगुळांवर यायची, कधी दोन. ती श्वास धरायची. फळी निघाली, की सोडायची. दिवसातून किती वेळा, त्याची गणती नाही.

सन बेचाळीसच्या दिवाळीनंतर कॅम्पातल्या लष्कराकडून खोक्यांची मोठी मागणी आली. कोल्हारकडून प्रवरेकाठच्या आंब्याचे ओंडके गाड्या भरभरून येऊ लागले आणि चक्रीला उसंत राहिली नाही. अशात एका सकाळी लाकडाची एक चिपळी फटीत अडकली. बन्सीनं दांडा ओढून पट्टा मोकळ्या चाकावर घेतला. मोकळं चाक म्हणजे नुसतं फिरणारं. त्यावर पट्टा गेला, की चक्रीचा जोर तुटतो. आवाज बसला. बन्सीनं चिपळीला हात घातला. पण आवाज बसला तरी पातं थांबलं नव्हतं, वेगाच्या भरात अजून फिरत होतं.

उजव्या हाताची तीन बोटं गेली.

चांगुणानं आरडाओरडा केला नाही. पदराची पट्टी फाडून मनगट करकचून बांधलं, टांगा बोलावला, दवाखाना गाठला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट वाचलं. वखारीतली माणसं भेटायला येत आणि एकच बोलत, "चक्रीवाल्याला एखादं बोट द्यावंच लागतं बघा." जणू काही चक्री म्हणजे गावची देवी आणि बोट म्हणजे तिचा मान! चांगुणा ऐकून घेई. पण मनात म्हणे, का म्हणून द्यावं लागतं?

बन्सी घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी ती भाकरी थापत होती. तो भिंतीला टेकून बसला होता. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "अवो, मला सांगा, त्या दिशी झालं कसं?"

"तू हुतीस की म्होरं. डोळ्यांनी पाह्यलंस."

"मी हात पाह्यला. तुमच्या मनात काय हुतं त्ये न्हाई पाह्यलं."

बन्सीनं गुंडाळलेल्या हाताकडं पाहिलं. मग म्हणाला, "मनात कायबी नव्हतं. म्होरच्या फळीचा इचार हुता. ही चिपळी काढायची, मग ती लांब फळी घ्यायची."

"म्हंजी हात चिपळीवर आन मन फळीवर."

"व्हय. आन आवाज बसला म्हून वाटलं, थांबलं."

चांगुणानं त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. दांडा कोणत्या हातानं ओढला, उभा कुठं होता, चिपळी कुठल्या बाजूनं अडकली. बन्सी आधी चिडला, मग सांगत गेला. सांगता सांगता त्याचं त्यालाच उमगत होतं, की ह्यात दैवाचा हात कुठंच नव्हता. दहा श्वास थांबला असता तर पाचही बोटं हाताला राहिली असती. तो हमसून रडला. चांगुणानं त्याला रडू दिलं आणि भाकरी करपू दिली नाही.

इकडं वखारीत चक्री आठ दिवस बंद होती. नगरमधले झाडून सारे मिस्त्री कॅम्पात कामाला गेलेले. आबासाहेब हवालदिल होऊन ओंडक्यांच्या ढिगाभोवती फिरत होते. चांगुणा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मालक, चक्रीवर मी उभी राहते."

आबासाहेब आधी हसले. मग तिच्या तोंडाकडं पाहून हसायचे थांबले. "चांगुणाबाई, हे बाईमाणसाचं काम नाही."

"मागं दोन वर्सं उभी हाय. तिचा आवाज मला कळतो. कोरडं लाकूड कसं बोलतंय, वलं कसं बोलतंय, सारं ठावं हाय. आमचं मालक बाजूला बसतील, सांगतील. फकस्त एक करा, मला घाई म्हनू नका."

दुसरा माणूस कुठं होता? आबासाहेबांनी मान हलवली.

पहिल्या दिवशी ती आली ती सारी तयारी करून. पदर कमरेभोवती घट्ट आवळलेला, केस बन्सीच्या फडक्यात बांधलेले, गळ्यातलं मणीमंगळसूत्र चोळीच्या आत. बन्सी हात गळ्यात बांधून ओंडक्यावर बसला. इंजिनवाला छगन दात काढत होता. चांगुणानं पहिली फळी लावली, सावकाश रेटली. शेवटचं वीतभर उरलं तेव्हा तिनं हात काढून घेतले आणि म्हणाली, "बंद करा."

"का गं?" बन्सी उठला.

"म्होरं हात कशाला न्यायचा? काठी असताना?"

तिनं बाभळीची हातभर काठी घेतली, टोकाला फळीत बसेल अशी खाच पाडली आणि फळीचं शेवटचं वीतभर काठीनं रेटलं. छगन मोठ्यानं हसला. "बाई, भाकरी सारतीस का काय तव्यावर?" चांगुणानं पुढची फळी लावली. पण दोनच दिवसांत त्या काठीचं टोक पात्यानं कुरतडलं. ते कुरतडलेलं टोक तिनं छगनच्या नाकासमोर धरलं. "हे बघ. हे माझं बोट हुतं." छगनचं हसणं तिथंच संपलं.

महिनाभरात आणखी एक गोष्ट झाली. चांगुणा फळीच्या रेषेत कधी उभी राहत नसे, एका अंगाला राही. कारण तिनं मागून पाहिलेलं होतं, की ओलं लाकूड चिरताना चीर मिटते, पात्याला आवळते आणि फळी उलटी उसळते. तसंच झालं. निंबाची एक जाड फळी अशी उसळली, की बाण सुटल्यासारखी तिच्या अंगाशेजारून पाठीमागच्या पत्र्यात घुसून बसली. तिथं दुसरा कुणी मिस्त्री असता, तर फळी त्याच्या पोटातून गेली असती. बन्सी त्या भोकाकडं पाहत राहिला. मग लोहाराकडं गेला, डाव्या हातानं जमिनीवर आकृती काढून त्याला समजावलं आणि पात्याच्या बरोबर मागं उभी राहील अशी पातळ लोखंडी पट्टी घडवून आणली. आता चीर मिटायला गेली, की पट्टी मध्ये येई. ती युक्ती साऱ्या वखारीत बन्सीची म्हणून ओळखली गेली. बोटं गेल्यापासून त्या दिवशी तो पहिल्यांदा ताठ चालत घरी गेला.

सगळं झालं, राहिल्या बांगड्या. दोन्ही हातांत काचेच्या हिरव्या बांगड्या, कासारानं तेल लावून घट्ट चढवलेल्या. फुटेपर्यंत निघायच्या नाहीत अशा. बन्सीनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "त्या काढ." चांगुणानं ऐकलं नव्हतं. नवरा जिता असताना मोकळ्या मनगटानं चारचौघांत फिरायचं? तिनं बांगड्यांवर चिंधी गुंडाळली आणि काम चालू ठेवलं.

एका दुपारी फळीच्या कडेची टोकदार धस चिंधीतून बांगडीत अडकली. फळी पुढं निघाली आणि तिच्याबरोबर हातही. कळायच्या आत मनगट पात्याकडं ओढलं गेलं. बांगडी कचकन फुटली, म्हणून हात जागच्या जागी राहिला. छगननं पट्टा सारला. चांगुणा कमरेवर हात ठेवून, पात्याचे दात मोजता येतील इतकं ते थांबेपर्यंत उभी राहिली. मग ओंडक्यावर जाऊन बसली.

त्याच संध्याकाळी तिनं उरलेल्या बांगड्या एक एक करून उतरवल्या. दुसऱ्या दिवशी नळावर शेजारच्या लंकाबाईनं ते पाहिलं. लंकाबाई वस्तीतली जाणती बाई, तिचा शब्द घरोघर जायचा. ती हंडा खाली ठेवून म्हणाली, "चांगुणे, मनगटं अशी? नवरा हाय न्हवं तुझा? त्याची बोटं गेली त्ये थोडं झालं का?"

चांगुणाला ते शब्द लागले. घरी येऊन तिनं बन्सीला सांगितलं. तो म्हणाला, "मी बांगडीवर जगतो का? मी तू करतीस त्या भाकरीवर जगतो. आन भाकरी करायला हात लागत्यात." मग जरा थांबून म्हणाला, "पर तुला वाईट वाटतंय, ते खरंच हाय."

वाईट वाटतच होतं. दोन दिवस ती पदराखाली मनगटं झाकून वावरली. तिसऱ्या दिवशी बाजारात गोंदणारीण बसलेली दिसली. पोरी कपाळावर, हनुवटीवर ठिपके गोंदून घेत होत्या. चांगुणा तिच्यासमोर बसली आणि दोन्ही हात पुढं केले.

"काय काढू? तुळस? नाव?"

"बांगड्या काढ. चार ह्या हातात, चार त्या हातात. साऱ्या बाजूंनी, मोकळं सोडू नगंस."

गोंदणारीण तिच्या तोंडाकडं पाहत राहिली. असं कुणी कधी मागितलं नव्हतं. मनगटाच्या आतल्या बाजूला कातडी पातळ, तिथं सुई लागली की मस्तकात जायची. चांगुणानं ओठ मिटून घेतले. उठली तेव्हा दोन्ही मनगटांवर ठिपक्यांच्या आठ हिरव्या बांगड्या होत्या. ना त्या फुटणार होत्या, ना कशात अडकणार होत्या.

सूज उतरल्यावर ती नळावर गेली ती पदर मागं सारून. लंकाबाईनं हंडा भरता भरता पाहिलं. एक मनगट धरलं, उलटसुलट केलं, ठिपक्यांवरून बोट फिरवलं. चांगुणा वाट पाहत होती, की आता काय बोलते. लंकाबाई म्हणाली, "लई दुखलं का गं?"

"आतल्या बाजूला दुखलं."

"दुखनारच," लंकाबाई म्हणाली आणि स्वतःचा हंडा बाजूला घेऊन तिला आधी पाणी भरू दिलं. त्या दिवसानंतर वस्तीत कुणी तिच्या मनगटांवर बोललं नाही. आणि वर्षभरात वखारीत फळ्या ओढणाऱ्या दोघी बायका बाजारात जाऊन तशाच बांगड्या गोंदून आल्या.

कॅम्पातून खोकी तपासायला शरच्चंद्र नावाचे एक कारकून येत. घराणं शिक्षकांचं, माणूस काटेकोर. एकदा लष्कराची लॉरी दारात उभी राहून भोंगा वाजवत होती आणि नेमकी त्याच वेळी फळीत जुना खिळा लागला. चांगुणानं पट्टा सारायला लावला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

आबासाहेब धावत आले. "बाई, लॉरी थांबलीय!"

"थांबू द्या मालक. पातं थांबलं न्हाई अजून."

शरच्चंद्रांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं. पातं थांबलं, मग चांगुणानं चिमट्यानं खिळा उपसला, फळी उलटी करून पुन्हा तपासली आणि काम सुरू केलं. शरच्चंद्रांनी विचारलं, "चांगुणाबाई, तुम्ही चक्रीवर उभ्या राहिल्यापासून इथं कुणाला काय इजा झाली?"

"एक नख गेलं साहेब. छगनच्या पायाचं. तेबी ओंडका पडून."

शरच्चंद्र घड्याळ खिशात घालून खोकी मोजायला निघून गेले.

लढाई संपली. शेहेचाळीस साली पलटणीतून सुटलेली माणसं गावोगाव परतू लागली. त्यांना हाताला काम मिळावं म्हणून कॅम्पाच्या कडेला एका शेडमध्ये सुतारकामाचा वर्ग निघाला. शरच्चंद्र एके दिवशी वखारीत आले आणि आबासाहेबांसमोरच म्हणाले, "चांगुणाबाई, बावीस माणसं आहेत. रंधा, पटाशी शिकवायला मिस्त्री आहे. पण चक्री शिकवायला तुम्ही या. बन्सीरावांनाही आणा, पात्याला धार लावायला."

बन्सीराव! बन्सीनं मान खाली घातली, पण कान लाल झाले ते चांगुणानं पाहिले.

शेडमध्ये पोचल्यावर तिनं पाहिलं तर चक्री वेगळीच. इंजिन नाही, पट्टा नाही. विजेवर चालणारी. खटका दाबला की फिरायची आणि आवाज निम्म्यानंही नाही. बावीस माणसं भिंतीशी उभी. कुणी इटली पाहून आलेलं, कुणी ब्रह्मदेश. समोर नऊवारी नेसलेली, डोक्याला फडकं बांधलेली बाई. कुजबुज सुरू झाली. चांगुणा यंत्राभोवती एकदा फिरली आणि शरच्चंद्रांना म्हणाली, "साहेब, हे यंत्र मला म्हाईत न्हाई. आज मी शिकवनार न्हाई. आज मला दाखवा."

भिंतीजवळचे काही हसले. तिनं हसू दिलं. वायरमनला बोलावून दिवसभर ती विचारत राहिली. खटका बंद केल्यावर पातं किती वेळ फिरतं? वीज कुठनं येते? मी हात घातलेला असताना तिकडं भिंतीवरचा खटका कुणी दाबला तर?

"तर सुरू होईल," वायरमन म्हणाला.

"मग?"

"मग काय, सांगायचं, कुणी दाबू नका म्हणून."

"सांगून ऱ्हात असतं तर काय पाहिजे हुतं?" चांगुणा म्हणाली. तिला भिंतीवरच्या डबीतला चिनीमातीचा फ्यूज दिसला. "हे काढलं तर?"

"मग खटका कितीही दाबा, काही होत नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं वर्गाला पहिली गोष्ट तीच शिकवली. पात्याजवळ हात न्यायचा, तर आधी वीज बंद करून फ्यूज उपसायचा आणि तो कनवटीला खोचायचा. स्वतःच्या कनवटीला, दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. काम आटोपलं, हात बाहेर आला, की मगच आपल्या हातानं परत बसवायचा.

कर्जतकडचा गोरक्षनाथ म्हणून एक उंच शिपाई होता. तो म्हणाला, "आक्का, बर्मात आमी गोळ्यांखालनं पळालो. ही चक्री काय करनार हाय?"

चांगुणानं त्याच्याकडं पाहिलं. मग एक जुना खाकी सदरा मागवला. त्याच्या बाहीत कडबा ठासून भरला, बाही लांब काठीला बांधली. सगळ्यांना मागं सारलं, चक्री चालू केली आणि काठी पुढं करून सैल कफाची कड नुसती पात्याला लावली. काय झालं ते कुणाला नीट दिसलंही नाही. काठी हातातून हिसकावली गेली आणि कडब्याचा भुगा शेडभर उडाला. चांगुणानं खटका बंद केला. तिनं कमरेवर हात ठेवले आणि त्या बावीस माणसांना पातं थांबेपर्यंत तसंच उभं ठेवलं.

"गोळी चालवनारा दुसरा हुता, बाबांनो," ती म्हणाली. "हितं खटका दाबनारे तुमीच आन म्होरं उभे ऱ्हानारेबी तुमीच. बाह्या दुमडा. कोपराच्या वर."

बावीस जणांनी बाह्या दुमडल्या. गोरक्षनाथानं सर्वांत शेवटी.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. गोरक्षनाथ पात्याखाली साचलेला भुसा काढायला वाकला होता, हात कोपरापर्यंत आत. शेडच्या दुसऱ्या टोकाला एकाला उजेड कमी वाटला. दिव्याचं बटण समजून त्यानं भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला. खाट्कन आवाज झाला. चांगुणा दारात होती. बन्सीच्या हातातली कानस खाली पडली.

चक्री जागची हलली नाही.

गोरक्षनाथानं हळूच हात बाहेर काढला. पाचही बोटं उघडून पाहिली, मिटून पाहिली. मग कनवटीला चाचपून फ्यूज काढला. चिनीमातीचा तो पांढरा तुकडा हातात धरून तो मटकन खाली बसला. खटका ओढणारा बिचारा खटक्यापाशीच उभा होता. त्याला कुणी शिवी दिली नाही, चांगुणानंही नाही. ती फक्त म्हणाली, "ह्याची चूक न्हाई. अशी चूक कुनाचीबी हुनार. म्हून तर कनवटीला."

गोरक्षनाथ उठला. सदरा नीट केला, टाचा जुळवल्या आणि ब्रह्मदेशात साहेबांना करायचा तसा कडक सलाम त्यानं चांगुणाला ठोकला. तिनं फडकं सावरलं आणि म्हणाली, "भुसा ऱ्हायलाय अजून, काढ त्यो." पण पाठ फिरवली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. बोट द्यावंच लागतं म्हणणाऱ्या साऱ्या वखारीला त्या क्षणी ओरडून सांगावंसं वाटलं तिला, की द्यावं लागत नाही.

वर्ग संपला तेव्हा बावीसच्या बावीस माणसं धडधाकट हातांनी गावी गेली. चांगुणा पुन्हा आबासाहेबांच्या चक्रीवर आली. आता कुठल्याही वखारीत नवी चक्री बसली, की मालक आधी तिला बोलावून दाखवत. सोनईच्या एका व्यापाऱ्यानं तर तिच्यासाठी खास मोटार पाठवली होती.

एकोणपन्नास साली कर्जतहून निरोप आला. गोरक्षनाथानं तिथं स्वतःची चक्री टाकली होती, तेलाच्या इंजिनावरची. उद्घाटनाला कुणी पुढारी नको, आक्काच पाहिजे, असा त्याचा हट्ट. चांगुणा आणि बन्सी मोटारीनं निघाली. ज्या गावाकडून दोघं एका गाठोड्यानिशी बाहेर पडली होती, तिथं आता मांडव घातलेला. सनई वाजत होती. चांगुणाचे दीर-जावा पुढच्या सतरंजीवर बसलेले. भटजींनी मुहूर्त काढलेला, नारळ तयार.

गोरक्षनाथानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि दांड्याकडं नेलं. "ओढा आक्का, पट्टा चढवा."

चांगुणानं दांड्याला हात लावला नाही. चक्रीभोवती एक फेरी मारली. पात्यामागं पट्टी होती, ठीक. रेटायची काठी टांगलेली, ठीक. मग ती इंजिनाकडं गेली. इंजिनापासून चक्रीपर्यंतचा लांब पट्टा उघडाच होता. शेजारूनच जायची वाट, आणि त्या वाटेवर नटूनथटून आलेल्या बायका, पदर वाऱ्यावर.

"गोरक्षा, ह्याला कठडा कुठं हाय?"

त्याचा चेहरा उतरला. "आक्का, घाई झाली. उद्या करतो."

"मग चक्रीबी उद्या."

भटजी म्हणाले, "अहो बाई, मुहूर्त टळतोय." सनईवाला थांबला. मांडवात चुळबुळ सुरू झाली. जावेनं कपाळाला हात लावला. गोरक्षनाथ क्षणभर लोकांकडं पाहत राहिला. मग त्यानं डोक्याचा फेटा काढून बन्सीच्या हातात दिला, बाह्या दुमडल्या आणि करवत उचलली. चौघे पुढं झाले. कुणी फळ्या आणल्या, कुणी खांब पुरायला पहार. बन्सीनं दोन बोटांच्या हातात खिळे धरून ते एक एक करून दिले. पाहुण्यांना चहा फिरला, मग दुसऱ्यांदा फिरला. तासाभरात पट्ट्याच्या दोन्ही अंगांना छातीएवढा कठडा उभा राहिला. चांगुणानं तो धरून हलवून पाहिला. हलला नाही.

मग तिनं नारळ फोडला, दांडा ओढला आणि पट्टा चढला. चक्रीनं आवाज धरला. तिनं आंब्याची पहिली फळी लावली, शेवटच्या वीतभराला काठी घेतली. फळी सरळ, गुळगुळीत चिरून पलीकडं गेली. मांडवातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. बन्सी गाव सोडून निघाला तेव्हा जो निरोप द्यायलाही आला नव्हता, तो तिचा थोरला दीर शेजारच्याला मोठ्यानं सांगत होता, "आमची भावजय हाय ती, नगरची मिस्त्रीन."

चांगुणानं ते ऐकलं आणि दुसरी फळी मागितली.